सांख्यिकीय संगणनातील विदा हाताळणीच्या समस्या

सांख्यिकीय संगणनातील विदा हाताळणीच्या समस्या म्हणजे आर, पायथन, सास, स्टाटा यांसारख्या संगणकीय साधनांत विदा वाचताना, स्वच्छ करताना, जोडताना व तिचा गोषवारा काढताना वारंवार उद्भवणाऱ्या चुका. या चुकांचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात आज्ञावली थांबते व पडद्यावर त्रुटीचा संदेश येतो. दुसऱ्या प्रकारात आज्ञावली सुरळीत पूर्ण होते, उत्तरही मिळते, पण ते चुकीचे असते. दुसऱ्या प्रकारच्या चुकांना मूक चुका म्हणता येईल. त्या शोधण्यासाठी संगणकाच्या ज्ञानाइतकेच मूळ विषयाचे, प्रदेशाचे व नोंदी ठेवण्याच्या पद्धतीचे ज्ञान आवश्यक असते. या लेखात अशा समस्या, त्यांची कारणे व निदानाच्या पद्धती मुख्यतः महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्याच्या जनगणना, पर्जन्य व शेतीविषयक नोंदींच्या उदाहरणांनी दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

भारतात शेतीविषयक आकडेवारीच्या शुद्धतेचा विचार संगणकयुगापूर्वीच सुरू झाला होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत मोठ्या नमुना पाहण्यांची पद्धत विकसित झाली. एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र उपनमुने घेऊन त्यांचे निष्कर्ष ताडून पाहण्याचा त्यांचा मार्ग हा मूलतः क्षेत्रीय चुका पकडण्याचा मार्ग होता. मराठी संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांच्या यादृच्छिक नमुना पद्धतीला शास्त्रीय पाया दिला. कापणीचा तुकडा फार लहान असेल, तर कडेची झाडे आत धरली जाऊन उत्पादनाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवून दिले. विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेला कृषी संशोधकांसाठीचा सांख्यिकी पद्धतींचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. पिकांच्या चाचण्या, हवामानाच्या नोंदी, महसूल खात्याची पीक पाहणी, जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन आणि जनगणना अशा अनेक स्रोतांतून जिल्ह्याची विदा उपलब्ध होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतकरी स्वतःही पिकाची नोंद करू लागले. प्रत्येक स्रोताची मांडणी, एकके व नावे लिहिण्याची रीत वेगळी असल्याने त्यांचा एकत्र उपयोग करताना पुढील समस्या उद्भवतात.

त्रुटीचा संदेश देणाऱ्या समस्या

नवशिक्या विद्यार्थ्याला सर्वप्रथम भेटणारी अडचण म्हणजे फाइल न सापडणे. आज्ञावली ज्या फोल्डरमध्ये काम करीत असते त्याऐवजी फाइल दुसरीकडे असणे, विंडोज प्रणालीत फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपलेला असल्याने प्रत्यक्ष नाव वेगळे असणे, किंवा मार्गातील उलटी तिरकी रेघ विशेष चिन्ह म्हणून वाचली जाणे, ही याची नेहमीची कारणे आहेत.

‘वस्तू सापडली नाही’ किंवा ‘असा स्तंभ नाही’ या अर्थाचा संदेश बहुधा नावातील सूक्ष्म फरकामुळे येतो. स्तंभाच्या नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ते नाव वेगळे ठरते. युनिकोड फाइलच्या आरंभी असलेले अदृश्य चिन्ह पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटले, तर फक्त पहिलाच स्तंभ ‘सापडत नाही’. ‘फलन सापडले नाही’ या संदेशाचे कारण बहुतेक वेळा संबंधित पॅकेज त्या सत्रात सुरू न केलेले असणे हे असते.

असे संदेश त्रासदायक वाटले, तरी ते चूक कोठे आहे हे सांगतात. अनेक संदेश एकामागून एक आल्यास आधी पहिला सोडवावा, कारण नंतरचे पुष्कळदा त्याचेच परिणाम असतात. समस्या दाखवणाऱ्या पाच-दहा ओळींचा छोटा नमुना वेगळा काढला, की कारण सहसा लवकर सापडते.

विदा प्रकारांच्या समस्या

प्रत्येक स्तंभ संख्या, मजकूर, तारीख किंवा वर्ग यांपैकी एका प्रकारचा असतो. आज्ञावली हा प्रकार स्वतः ओळखू पाहते आणि तेथेच पुष्कळ चुका घडतात.

अंकांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. परभणीचा दूरध्वनी संकेतांक ०२४५२ संख्या म्हणून वाचला, तर आरंभीचे शून्य गळून २४५२ उरते. परभणीचा पिनकोड ४३१४०१ असलेल्या स्तंभात एखादी जागा कोरी असली, तर पायथनमधील पांडाज हे साधन सामान्यतः संपूर्ण स्तंभ दशांश संख्यांचा करते. त्याचे मजकुरात रूपांतर केल्यावर ‘४३१४०१.०’ असे मूल्य मिळते व ते दुसऱ्या तक्त्याशी जुळत नाही. ज्या अंकांची बेरीज वा सरासरी निरर्थक ठरते, ते अंक मजकूर म्हणूनच वाचावेत, हा यावरचा सोपा नियम आहे.

भारतीय पद्धतीच्या स्वल्पविरामांमुळेही अडचण येते. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. आरमध्ये ही संख्या स्वल्पविरामांसह मजकूर म्हणून आल्यास तिचे थेट संख्येत रूपांतर होत नाही. इशारा मिळतो व मूल्य गहाळ ठरते. आधी स्वल्पविराम काढून टाकावे लागतात. देवनागरी अंकांबाबत दोन्ही भाषांचे वर्तन भिन्न आहे. पायथनचे पूर्णांकात रूपांतर करणारे मूलभूत फलन ‘४५’ हा देवनागरी मजकूर पंचेचाळीस म्हणून स्वीकारते, तर आर तेच मूल्य गहाळ ठरवते.

आरमधील आणखी एक प्रसिद्ध सापळा वर्ग-चलाचा आहे. वर्ग-चलाच्या प्रत्येक वर्गाला आतून क्रमांक दिलेला असतो. अशा स्तंभाचे थेट संख्येत रूपांतर केल्यास मूळ मूल्यांऐवजी हे अंतर्गत क्रमांक मिळतात व कोणताही इशारा येत नाही. म्हणून आधी मजकुरात व मग संख्येत असे दोन टप्प्यांत रूपांतर करतात. एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरच्या ४.०.० या आवृत्तीपासून मजकूर आपोआप वर्ग-चलात बदलण्याची जुनी पद्धत बंद झाली. मात्र जुन्या आज्ञावल्यांत हा दोष अजूनही आढळतो.

तारखा व सातबारा

एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये ‘७/१२’ असे आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिल्यास त्याची तारीख होते. भारतीय मांडणीत ती ७ डिसेंबर, तर अमेरिकी मांडणीत १२ जुलै ठरते. जमिनीच्या गट क्रमांकांचेही असेच होते. ‘१२/२’ हा पोटहिस्सा १२ फेब्रुवारी बनतो, पण ‘१४५/२’ ची तारीख होऊ शकत नसल्याने तो मजकूरच राहतो. परिणामी एकाच स्तंभात काही गट क्रमांक व काही तारखा असे मिश्रण तयार होते. असा तक्ता जतन केल्यावर मूळ क्रमांक परत मिळवणे कठीण असते. म्हणून नोंदी सुरू करण्यापूर्वीच स्तंभाचा प्रकार मजकूर असा ठरवावा लागतो.

ही समस्या जागतिक आहे. जनुकांची काही नावे इंग्रजी महिन्यांच्या संक्षेपांसारखी असल्याने स्प्रेडशीटमध्ये त्यांच्या तारखा होत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक्सेलमधील जनुक-याद्या जोडलेल्या जनुकशास्त्रीय शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने अशा काही जनुकांची नावेच बदलली.

दिवस व महिना यांची अदलाबदल ही दुसरी अडचण आहे. ५ जुलै ही पेरणीची तारीख ‘०५/०७’ अशी लिहिली व अमेरिकी मांडणीत वाचली, तर ती ७ मे होते. २५ जुलै ही तारीख मात्र त्या मांडणीत बसत नाही आणि मजकूर म्हणून उरते. कोरडवाहू सोयाबीनची पेरणी मृगाच्या पावसाआधी, मे महिन्यात झालेली दिसू लागली, की शेती जाणणाऱ्याला चूक लगेच कळते. केवळ आज्ञावली जाणणाऱ्याला ती कळेलच असे नाही.

संगणक तारखा आतून दिवसांच्या संख्येने साठवतो. १ जानेवारी २०२४ ही तारीख एक्सेलच्या प्रचलित मोजणीत ४५२९२ असते, तर १ जानेवारी १९७० पासून दिवस मोजणाऱ्या आरमध्ये १९७२३ असते. एक्सेलमधील संख्या आरंभदिन न सांगता आरमध्ये तारीख म्हणून वाचल्यास सुमारे सत्तर वर्षांचा फरक पडतो.

गहाळ मूल्ये

मूल्य शून्य असणे आणि मूल्य माहीत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विदा हाताळणीतील गंभीर चुकांपैकी पुष्कळ चुका या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

भारतीय हवामान विभागाच्या चौकटबद्ध पर्जन्य विदेत गहाळ मूल्य उणे ९९९ या संख्येने दर्शवलेले असते. ही खूण न सांगता बेरीज केली, तर पावसाची मासिक बेरीज ऋण येऊ शकते व चूक ध्यानात येते. याउलट पर्जन्यमापक महिनाभर बंद असेल व सर्व मूल्ये योग्य रीतीने गहाळ नोंदवलेली असतील, तर पांडाज त्यांची बेरीज शून्य देते. गहाळ मूल्ये वगळण्याची सूचना दिल्यास आरही शून्यच देतो. नोंद नसलेला महिना अशा प्रकारे कोरडा महिना ठरतो. यावर उपाय म्हणून बेरजेसोबत उपलब्ध नोंदींची संख्याही दाखवतात.

तुलना करतानाही साधनांचे वर्तन सारखे नसते. स्टाटामध्ये गहाळ मूल्य कोणत्याही संख्येपेक्षा मोठे, तर सासमध्ये लहान मानले जाते. त्यामुळे ‘हेक्टरी उत्पादन २० क्विंटलपेक्षा अधिक’ अशी अट स्टाटामध्ये घातल्यास नोंद नसलेली शेतेही निवडली जातात. पांडाजमध्ये अशी तुलना असत्य ठरते, तर आरमध्ये तिचे उत्तरच गहाळ येते.

पावसाच्या नोंदींत दिनांकाचाही विचार करावा लागतो. भारतात सकाळी साडेआठ वाजता संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे लिहितात. २ जुलैच्या नोंदीतील बराचसा पाऊस १ जुलैला पडलेला असू शकतो. मध्यरात्रीपासून दिवस मोजणाऱ्या विदेशी ती नोंद थेट जोडल्यास एक दिवसाचा घोळ होतो.

एकके व स्थानिक लेखनपद्धती

ग्रामीण नोंदींत ‘२.२०’ याचा अर्थ अनेकदा २ एकर २० गुंठे असा असतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे असल्याने हे क्षेत्र अडीच एकर होते. अशा पद्धतीने लिहिलेल्या २.२० व १.३० यांची संगणकाने केलेली बेरीज ३.५० येते, प्रत्यक्ष क्षेत्र ४ एकर १० गुंठे, म्हणजे ४.२५ एकर असते. हेक्टर व आर यांत १०० चे प्रमाण असल्याने हा दोष टळतो, पण १ हेक्टर ५ आर हे क्षेत्र ‘१.०५’ ऐवजी ‘१.५’ असे लिहिले गेल्यास ते १ हेक्टर ५० आर समजले जाते. एककाचे प्रत्येक अंग स्वतंत्र स्तंभात नोंदवणे हा यावरील खात्रीचा उपाय आहे.

कापसाच्या आकडेवारीत क्विंटल व १७० किलोची गाठ ही दोन्ही एकके वापरात आहेत. शिवाय क्विंटल बहुधा सरकी असलेल्या कापसाचे, तर गाठी रुईच्या असतात. त्यामुळे केवळ वजनाच्या गुणकाने एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत नाही.

नावे, संकेतन व जोडणी

एकच नाव अनेक प्रकारे लिहिले जाणे ही मराठी विदेतील नित्याची अडचण आहे. परभणी विद्यापीठाने विकसित केलेला सोयाबीनचा वाण ‘एमएयूएस-७१’, ‘एमएयूएस ७१’ व ‘एमएयूएस७१’ असा लिहिला गेला, तर आज्ञावली त्याला तीन वाण मानते. ‘शेतकऱ्यांची संख्या’ या स्तंभनामातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक मार्गांनी टंकित होऊ शकते. दिसायला शब्द सारखेच असतात, पण तुलना अयशस्वी होते. युनिकोडचे प्रमाणीकरण केल्याने यांतील काही रूपे एक होतात. अदृश्य जोडचिन्ह असलेले रूप मात्र स्वतंत्रपणे बदलावे लागते. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी वा कृतीदेव यांसारख्या टंकांतील मजकूर तर रूपांतर केल्याशिवाय वाचताच येत नाही.

याच्या उलट समस्या म्हणजे भिन्न गोष्टींची नावे एक असणे. सेलू नावाचा तालुका परभणी जिल्ह्यात आहे, तसाच वर्धा जिल्ह्यातही आहे. राज्यातील तालुक्यांचे दोन तक्ते केवळ तालुक्याच्या नावावरून जोडल्यास दोन सेलूंच्या चार ओळी तयार होतात व बेरीज फुगते. जोडणीसाठी जिल्हा व तालुका ही दोन्ही नावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे जनगणनेचे संकेतांक वापरावेत. मात्र संकेतांकही कायम नसतात. परभणी जिल्ह्याचा २००१ च्या जनगणनेतील संकेतांक १७ होता, तर २०११ मध्ये तो ५१३ झाला. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव असे नामांतर झाल्याने जुन्या व नव्या तक्त्यांसाठी नावांची तुल्यतासूची ठेवावी लागते.

बदलत्या सीमा

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे १९९१ च्या जनगणनेतील परभणी व २००१ मधील परभणी हे एकाच नावाचे दोन भिन्न प्रदेश आहेत. दोन्ही वर्षांचे आकडे सरळ एका ओळीत मांडले, तर जिल्ह्याची लोकसंख्या घटल्याचा भास होतो. दीर्घकालीन तुलना करताना ढोबळमानाने दोन्ही जिल्ह्यांची बेरीज घेतात. २०११ मध्ये परभणीची १८,३६,०८६ व हिंगोलीची ११,७७,३४५ मिळून ही लोकसंख्या ३०,१३,४३१ होते. २००१ ते २०११ या काळातील तुलनेला ही अडचण नाही. त्या दशकात परभणीची लोकसंख्या १५,२७,७१५ वरून सुमारे २०.२ टक्क्यांनी वाढली.

जनगणनेच्या तक्त्यांत एकूण, ग्रामीण व नागरी अशा ओळी, तसेच जिल्हा, तालुका व गाव असे स्तर एकत्र असतात. निवड न करता संपूर्ण स्तंभाची बेरीज केल्यास तीच माणसे अनेकदा मोजली जातात.

आकाराच्या मर्यादा

एक्सेलच्या आधुनिक स्वरूपातील एका पानात १०,४८,५७६ ओळी मावतात. जुन्या स्वरूपात ही मर्यादा ६५,५३६ होती. परभणी जिल्ह्यातील प्रत्येक व्यक्तीची एक ओळ धरली, तर ती यादी एका पानात मावणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत जुन्या स्वरूपाची मर्यादा ओलांडली गेल्याने कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही व त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला.

पीक विम्यावरील परिणाम

विदा हाताळणीतील एका निर्णयाचा प्रत्यक्ष जीवनावर होणारा परिणाम पीक विम्याच्या गणितातून स्पष्ट होतो. २०१६ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या क्षेत्राधारित पद्धतीत उंबरठा उत्पन्न व प्रत्यक्ष सरासरी उत्पन्न यांतील तूट उंबरठा उत्पन्नाने भागून विमा संरक्षित रकमेने गुणतात. सरासरी पीक कापणी प्रयोगांवरून काढतात. महसूल मंडळ हे विमा क्षेत्र असल्यास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत किमान १० प्रयोग अपेक्षित आहेत.

समजा, एका मंडळात उंबरठा उत्पन्न हेक्टरी १,००० किलो व विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे. नऊ प्रयोगांत प्रत्येकी ८०० किलो उत्पन्न आले व दहाव्या प्रयोगाची जागा कोरी आहे. दहावा प्रयोग झालाच नसेल, तर सरासरी ८०० किलो व भरपाई १०,००० रुपये येते. दहाव्या शेतातील पीक पूर्ण नष्ट झाल्याने तेथे शून्य अभिप्रेत असेल, तर सरासरी ७२० किलो व भरपाई १४,००० रुपये होते. उणे ९९९ ही खूण संख्या म्हणून धरली गेल्यास सरासरी ६२०.१ किलो व भरपाई १८,९९५ रुपये निघते. तिन्ही वेळा आज्ञावली कोणतीही तक्रार न करता उत्तर देते. कोणते उत्तर खरे हे त्या कोऱ्या जागेचा अर्थ माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही आणि हा अर्थ फक्त मूळ नोंदवहीतून वा प्रयोग करणाऱ्या कर्मचाऱ्याकडून कळू शकतो.

निदानाची पद्धत

विदा हाताळणीत सर्वसाधारणपणे पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी व सर्व दुरुस्त्या आज्ञावलीत लिहाव्यात, म्हणजे प्रत्येक बदलाचा माग राहतो.

२. विदा वाचल्याबरोबर ओळी व स्तंभांची संख्या, प्रत्येक स्तंभाचा प्रकार आणि पहिल्या व शेवटच्या काही ओळी पाहाव्यात. तळाशी ‘एकूण’ची ओळ अथवा टिपा असल्यास त्या येथेच दिसतात.

३. संख्यात्मक स्तंभांची किमान व कमाल मूल्ये काढावीत. ऋण पाऊस, भविष्यातील तारीख किंवा अशक्य उत्पादन यांतून उघड होते.

४. मजकूर-स्तंभांतील भिन्न मूल्यांची वारंवारता सारणी करावी. परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम असे नऊ तालुके आहेत. सारणीत दहा किंवा अकरा नावे आली, तर लेखनभेद शोधावा.

५. प्रत्येक स्तंभातील गहाळ मूल्ये मोजावीत आणि शून्य व कोरी जागा यांचे अर्थ लिहून ठेवावेत.

६. जोडणीपूर्वी ओळख-स्तंभातील मूल्ये अनन्य आहेत का ते तपासावे. जोडणीनंतर ओळींची संख्या पुन्हा मोजावी व न जुळलेल्या ओळींची यादी काढावी.

७. अखेरीस एखादी बेरीज स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या आकड्याशी ताडून पाहावी. नऊ तालुक्यांच्या २०११ मधील लोकसंख्येची बेरीज १८,३६,०८६ आली नाही, तर पुढील विश्लेषण थांबवून फरकाचे कारण शोधावे.

दशांश संख्यांची तुलना करताना पूर्ण समानतेची अट घालू नये. द्विमान पद्धतीत ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही. म्हणून ठरावीक सूक्ष्म फरक मान्य करून तुलना करतात. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाचा दिवस ‘पावसाळी दिवस’ मानण्यासारख्या सीमेवरच्या वर्गीकरणात ही काळजी विशेष आवश्यक असते.